पाठीवरचं सोवळं

ऑकलंडच्या अल्बनी उपनगरातल्या त्या फार्मसीत माझा पहिला दिवस होता आणि मॅडमनी मला पहिलं काम दिलं ते बेदाणे मोजायचं.

जेवणाची सुट्टी होती. स्टाफरूमच्या टेबलावर त्यांनी स्वच्छ फडकं अंथरलं होतं, त्यावर बेदाण्यांचा ढीग, आणि शेजारी आम्ही म्हाताऱ्या पेशंटांसाठी गोळ्या भरतो तसले ब्लिस्टर पॅक. आठवड्याचे वार, आणि प्रत्येक वाराखाली चार कप्पे. सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपताना. "एका कप्प्यात चौदा," त्या म्हणाल्या. "बघू नकोस, मोज." मी नाशिकची बी. फार्म., इथे येऊन पुन्हा शिकलेली, पुन्हा परीक्षा दिलेली. मला वाटलं ही पण एक परीक्षाच असणार. मी निमूटपणे मोजले. मग त्यांनी चष्मा वर करून सगळे कप्पे पुन्हा मोजले. एका कप्प्यात तेरा निघाले.

"मॅडम, एक बेदाणा..."

"आज बेदाणा आहे. उद्या रक्त पातळ करायची गोळी असेल." असं म्हणून त्यांनी चौदावा बेदाणा टाकला, पॅक बंद केला, भरणारीची सही म्हणून माझ्याकडून दोन अक्षरं लिहून घेतली आणि तपासणारीची म्हणून स्वतःची दोन अक्षरं लिहिली. मी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, बाई जरा सटकलेली आहे. पुढे चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. माझं ते मत बदललं नाही, फक्त त्यात आणखी बरंच काही मिसळलं.

इतर सगळे त्यांना नावाने हाक मारत. सोळा वर्षांची शनिवारी येणारी पोरगीसुद्धा. त्या मलाही सांगायच्या, "अगं, इथे मॅडम-बिडम काही नसतं, सरळ नावाने बोलाव." मी प्रयत्न केला. नावाचं पहिलं अक्षर यायचं आणि पुढे जीभ अडायची. शेवटी त्यांनीच नाद सोडला. इथेही मी त्यांचं नाव लिहीत नाही, ते त्याच सवयीने.

मूळच्या मिरजेच्या. उंची पाच फुटाला दोन बोटं कमी. डोक्यावर नवऱ्याची क्रिकेटची पांढरी टोपी, ती वाऱ्याने उडू नये म्हणून हनुवटीखाली पायजम्याची नाडी बांधलेली. पायात मात्र इतके भारी बूट की आमच्या दुकानातली पोरं बुटांकडे बघायची आणि मग वर त्यांच्याकडे बघायची. मी कामाला लागले तेव्हा त्यांचं वय एकोणसाठ. सकाळी साडेपाचला पाठीवर पाच किलो तांदळाची पिशवी घेऊन त्या घरून निघायच्या आणि बसस्टेशनापर्यंत पळून परत यायच्या. बसचे ड्रायव्हर त्यांना हात करायचे. एका ड्रायव्हरने एकदा बस थांबवून "हॉप इन, लव्ह," म्हटलं, तर त्यांनी त्याला दहा मिनिटं समजावलं की बस चुकलेली नाही, हे असंच आहे. त्याची बस उशिरा गेली ती वेगळीच.

त्या पळायच्या. पण नुसतं पळायच्या म्हटलं तर वाचणाऱ्याला रविवारची शर्यत, पाण्याचे स्टॉल आणि गळ्यातलं पदक डोळ्यांसमोर येईल. त्यातलं काहीच नाही. तीन-तीन, चार-चार दिवस डोंगरातून, जंगलातून, समुद्रकाठाने पळायचं. तंबू, झोपायची पिशवी, स्टोव्ह, खाणं, औषधं सगळं पाठीवर. पहिल्या पावलाला जे पाठीवर आहे त्यावर शेवटच्या पावलापर्यंत निभवायचं. वाटेत कुणाकडून काही घ्यायचं नाही. पाणी फक्त ओढ्याचं, तेही आपलं आपण गाळून. आता पळायच्या म्हणजे सपाटीवर पळायच्या, चढावर चालायच्या, आणि उतारावर काय करायच्या ते बघायला कुणी नसायचं.

वायहेके बेट त्यांनी असं फिरून घेतलं होतं. रंगीटोटोचा काळा लाव्हा आणि त्याला चिकटलेलं मोटुटापू बेट, तेही झालं होतं. राहिलं होतं ते दूरचं, उत्तरेकडचं ऑटेआ बेट. ऑकलंडहून बोटीने साडेचार तास. तिथे ना रस्त्यावर दिवे, ना सुपरमार्केट, विजेची तारही नाही. ट्रायफिनाच्या धक्क्यावरून निघायचं, मेडलँड्सच्या वाळूवरून काइटोकेच्या दलदलीतून हिराकिमाताच्या शिखरावर चढायचं, पलीकडे फिट्झरॉयला उतरायचं आणि पूर्वेच्या किनाऱ्याने परत ट्रायफिना. चार दिवस. या वर्तुळाने त्यांना झपाटलं होतं.

खाण्याचं तर त्यांनी शास्त्रच केलं होतं. भडंग मिरजेचं, त्याशिवाय चालणार नाही. पण भडंग जागा फार खातं. म्हणून त्या भडंग खलबत्त्यात कुटायच्या. मी म्हटलं, "मॅडम, मग ते भडंग कुठे राहिलं?" तर म्हणाल्या, "चव तीच आहे ना? पोटात गेल्यावर तू काय आख्खं ठेवतेस का?" भडंगाचा भुगा, सातूचं पीठ, गूळ-दाणे, वाळवलेला मेतकूट-भात, सगळं ब्लिस्टर पॅकच्या कप्प्यांत. 'झोपताना'च्या कप्प्यात एक लिमलेटची गोळी. टूथब्रशचा दांडा अर्धा कापलेला, टी-बॅगांचे दोरे तोडलेले. एवढं वजन वाचवून झाल्यावर पिशवीत एक पाव किलोची लोखंडी पळी. मेतकूट-भाताला फोडणी नको का, हा त्यांचा सवाल होता.

या सगळ्याला मी सोवळं म्हणायचे. एकदा तोंडावर म्हणाले. "मॅडम, हे सोवळंच झालं की. ह्याला शिवायचं नाही, त्याच्याकडचं खायचं नाही." त्या दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. जन्मभर त्यांनी उपास केला नव्हता, कुठल्या पूजेला बसल्या नव्हत्या, आणि त्यांच्यावर हा आरोप. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, "तू म्हणतेस त्यात तथ्य आहे. पण सोवळ्यात माणूस दुसऱ्याला लांब ठेवतो. मी मदतीला लांब ठेवते." त्यानंतर त्या स्वतःच तो शब्द वापरायला लागल्या. बोटीवर चढायच्या आधी फोन यायचा, "चल, उद्यापासून मी सोवळ्यात."

मग आमचे वाद रंगायचे. हिराकिमाताला लाकडी पायऱ्या आहेत, शेकड्याने. ती मदत नाही का? "त्या सगळ्यांसाठी आहेत. चालतात." वाटेत कुणी वाकून नमस्कार केला तर? "चालेल." कुणी वाकून नमस्कार करून पेढा दिला तर? "नमस्कार घेईन, पेढा नाही." काका, म्हणजे त्यांचे मिस्टर, त्यांना गाडीने बोटीपर्यंत सोडतात, मग ते काय? "घड्याळ बेटावर सुरू होतं." काका हे ऐकत सोफ्यावर क्रिकेट बघत असायचे. ते मला हळूच म्हणाले, "मला बॅगेला हात लावायची परवानगी नाही. सदतीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्यावर असं बंधन आलंय, मी तक्रार करत नाही."

त्यांचं आणखी एक सोवळं होतं, पण ते सगळ्यांनी पाळावं असा त्यांचा आग्रह. तिकडच्या जंगलांत कौरीची झाडं आहेत, शेकडो वर्षांची, आणि मातीतून येणारा एक रोग त्यांना मारतो. म्हणून वाटेच्या तोंडाशी बूट घासायचे ब्रश आणि औषधाचा फवारा ठेवलेला असतो. लोक बूट कसेबसे पुसून पुढे जातात. मॅडम तिथे फतकल मारून बसायच्या आणि बुटाच्या तळाची एकेक खाच काडीने कोरून काढायच्या. एकदा आम्ही काहीजण तिथे फिरायला गेलो, बरोबर पुण्याचा एक डॉक्टर होता. त्याने बूट ब्रशला नुसता दाखवला. मॅडम म्हणाल्या, "देवळात चपला घालून जाता का? नाही ना? मग इथे देव उभे आहेत, त्यांना इन्फेक्शन होतं." डॉक्टर परत आला आणि त्याने दोन्ही बूट घासले. इन्फेक्शन शब्दापुढे त्याचं काही चाललं नसावं.

'बहुतेक' या शब्दावर फार्मसीत बंदी होती. "गोळ्या दिल्या का?" "बहुतेक." झालं, मॅडमचा चेहरा बघवायचा नाही. आणि चूक झाली तर ती ज्याची त्याने सांगायची. दुसऱ्याने शोधून काढायची नाही. एकदा त्यांच्या स्वतःच्या हातून एका आजोबांच्या पॅकमध्ये सकाळची गोळी संध्याकाळच्या कप्प्यात गेली. तपासणारी मी, माझ्याही नजरेतून सुटली. काही बिघडलं नव्हतं. आजोबांना कळलंही नसतं. मॅडमनी मला गाडीत घातलं, आजोबांच्या दारात नेलं आणि सांगितलं, "ही चूक माझी आहे. ही तपासायला होती, तिचीही आहे. नवीन पॅक आणलाय." आजोबा म्हणाले, "नो वरीज, स्वीट ॲज," म्हणजे काही हरकत नाही, आणि आम्हाला फिजोआच्या फळांनी भरलेली पिशवी दिली. ती मात्र त्यांनी घेतली. त्या दिवशी सोवळं नव्हतं.

दमेकरी माणूस दिसला की त्यांच्यातली मास्तरीण जागी व्हायची. गणपतीची आरती संपली, एका गृहस्थांनी कोपऱ्यात जाऊन इनहेलरचा फवारा घेतला, तर ह्या प्रसादाचं ताट हातात घेऊन त्यांच्यासमोर उभ्या. "असं नाही. आधी श्वास सोडा. पूर्ण. आता दाबा, ओढा. धरा. धरा. मोदक नंतर." ते गृहस्थ मोदकाकडे बघत श्वास धरून उभे. मला हसू आवरेना. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की मॅडमच्या स्वतःच्या खिशात तसलाच इनहेलर असतो.

ते कळलं एका दुपारी. त्या स्टाफरूममध्ये बॅगेचा पट्टा शिवत बसल्या होत्या. मी सहज विचारलं, "मॅडम, एवढा अट्टहास कशाला? कुणी घोटभर चहा दिला तर काय आकाश कोसळणार आहे?"

त्यांनी सुई थांबवली नाही. "मला लहानपणी दमा होता. आताही आहे, पण तेव्हा वाईट होता. तेव्हाची औषधंही बेताचीच. चौथीपर्यंत मी भावाच्या पाठीवर बसून शाळेत गेले. त्यानंतर चालत, पण दप्तर त्याच्याकडे. मॅट्रिकपर्यंत मी माझं दप्तर उचललेलं नाही. सहलीला गेले की बाईंच्या शेजारी सावलीत. लग्नात माझी ट्रंक दिराने उचलली. इथे आले तेव्हा विमानतळावर हे म्हणाले, तू नुसती पासपोर्ट धर. सगळ्यांनी फार मायेने केलं गं. कुणाबद्दल तक्रार नाही. पण एकदा, एकदाच, मला बघायचंय की माझं ओझं पहिल्यापासून शेवटपर्यंत मला झेपतं का." मग दाताने दोरा तोडला आणि म्हणाल्या, "चल, दोन वाजले, लोक खोळंबले असतील."

ऑटेआचा पहिला प्रयत्न एकोणसाठाव्या वर्षी. दुसऱ्या दिवशी हिराकिमाताच्या पायऱ्यांवर छाती भरून आली. त्या बसल्या, फवारा घेतला, घड्याळ लावून श्वास मोजले आणि सरळ खाली उतरल्या. रस्त्यावर येऊन एका युटवाल्याला, म्हणजे पिकअपवाल्याला, हात केला आणि बसून आल्या. मदत मागायला अजिबात लाजल्या नाहीत. सोमवारी कामावर हजर. "झालं का, मॅडम?" "नाही झालं. छाती." एवढंच. प्रत्येक पळण्याची नोंद त्या एका वहीत करायच्या, तिच्यातही तेवढंच लिहिलं होतं.

दुसरा प्रयत्न साठाव्या वर्षी, आणि तो माझ्यामुळे गेला.

मी त्यांच्या स्वागताला बेटावर गेले होते. माझी हौस. शेवटच्या दिवशी धक्क्याजवळ थांबायचं, त्या पोहोचल्या की डबा उघडायचा, असा बेत. डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही. दुपारी वाट बघून बघून मी रस्त्याने थोडी पुढे चालत गेले, आणि वळणावर त्या दिसल्या. गवतावर बसून बुटातला खडा काढत होत्या. चार दिवसांचा चिखल अंगावर, ओठ फुटलेले, डोळे मात्र लखलखीत. बॅग शेजारी उभी. धक्का तिथून समोर दिसत होता. दोनशे मीटर.

मी धावत गेले. काय बोलले ते आठवत नाही, आनंदाने काहीतरी बरळले असेन. आणि बोलता बोलता मी ती बॅग उचलून खांद्यावर टाकली आणि चालायला लागले.

आमच्या घरी हे कुणी शिकवत नाही, ते अंगातच असतं. वडीलधारं माणूस समोर, त्याच्याजवळ ओझं, तर आपला हात आधी ओझ्याकडे जातो. स्टेशनावर, बाजारात, जिन्यात. त्यात विचार येत नाही. मागून "ठेव," असं ऐकू आलं. मी म्हटलं, "अहो असू दे हो, केवढी जड आहे!" पुन्हा "ठेव." मी आणखी दहाएक पावलं गेले असेन. मग काहीतरी चुकल्यासारखं वाटलं म्हणून वळले.

त्या एका पायात बूट घालून उभ्या होत्या. रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला परवडलं असतं. परीक्षेचा निकाल बघून मूल जसं गप्प होतं तसा त्यांचा चेहरा होता. मी बॅग जिथे होती तिथे नेऊन ठेवली, जणू काही तसं केल्याने ते पुसलं जाणार होतं. त्यांनी दुसरा बूट घातला, नाडी बांधली, बॅग पाठीवर घेतली आणि धक्क्यापर्यंत चालत गेल्या. टोकाच्या खांबाला हात लावला. घड्याळ बंद केलं.

मी रडत होते. "मॅडम, कुणी बघितलं नाही. मी कुण्णाला सांगणार नाही. वीस-पंचवीस पावलं..."

"मी बघितलं. तू बघितलंस. दोघींच्या सह्या होतात." त्यांनी वही काढली. लिहिलं, 'चौथा दिवस. शेवटच्या टप्प्यात सव्वीस पावलं बॅग दुसऱ्याच्या खांद्यावर.' त्या परिस्थितीतही त्यांनी पावलं मोजली होती. खाली त्यांची दोन अक्षरं, आणि मग वही माझ्यापुढे. मी सही केली. आयुष्यात केलेली सगळ्यात अवघड सही ती. मग त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, तीन धपाटे खाल्ले आणि चटणी आणखी आहे का विचारलं.

परतल्यावर लोक विचारायचे. "झालं का ऑटेआ?" "नाही झालं." एका जेवणाच्या वेळी कुणीतरी खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनी बॅगेचं सांगितलं, माझं नाव न घेता. तो माणूस मोठ्याने हसला. "सव्वीस पावलांसाठी? आणि कोण हा शहाणा, ज्याने उचलली?" मी कोशिंबिरीच्या भांड्यात डोकं घातलं होतं. मॅडम म्हणाल्या, "जिने उचलली तिला घरी तसंच वळण लावलंय. चांगलंच वळण आहे. माझ्या मुलीला असतं तर मला आवडलं असतं." मग त्यांनी त्याला त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेतो का ते विचारलं, आणि विषय तिथे मिटला.

डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो बघून सांगितलं होतं, फार तर एक मोठं पळणं अजून, मग बास. त्या आता एकसष्टच्या झाल्या होत्या. आपल्याकडे एकसष्टी म्हटलं की लोक हॉल बुक करतात. मॅडमनी बोटीचं तिकीट बुक केलं. जायच्या आधी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "तू ये."

मी म्हटलं, "मी नाही येणार. माझ्या हातांवर माझा भरवसा नाही."

"म्हणूनच ये. नियम नीट ऐक. मी पडले तरी हात लावायचा नाही. फक्त माझे श्वास मोजायचे. मिनिटाला तीसच्या वर गेले तर मला उचल, फवारा दे, हेलिकॉप्टर बोलाव, नियम गेला खड्ड्यात. तीसच्या आत असतील तर माझ्या वाटेतून बाजूला हो."

चौथ्या दिवशी मी धक्क्यावर उभी होते. सकाळपासून दक्षिणेचा वारा सुटला होता, पाऊस आडवा येत होता. बोट उशिरा येणार होती म्हणून दहाबारा माणसं शेडखाली होती. मालाच्या पेट्या उतरवून घेणारी एक माओरी बाई, गमबूट घातलेला एक मासेवाला, आणखी कोण कोण. दोन वाजून गेले, तीन वाजले. त्या बाईने माओरीत नमस्कार करून मला विचारलं, "किआ ओरा, यू वेटिंग फॉर समवन?" मी सांगितलं. "ऑल द वे राउंड? ऑन हर ओन?" तिने शेडखालच्या सगळ्यांना सांगितलं आणि सगळे रस्त्याकडे बघायला लागले.

साडेतीनला पांढरी टोपी दिसली. त्या लंगडत होत्या. पळणं कधीच संपलं होतं, ते चालणंही नव्हतं, एक पाय पुढे टाकून दुसरा त्याच्याजवळ आणणं चाललं होतं. लोक टाळ्या वाजवायला लागले. धक्क्याच्या तोंडाशी ओली फळी लागली आणि त्या पडल्या. तोंडावर. बॅग वरून अंगावर आली. खिशातला इनहेलर उडाला आणि घरंगळत माझ्या बुटाशी येऊन थांबला.

मासेवाला धावला. मी दोन्ही हात पसरून त्याच्यापुढे उभी राहिले. "डोन्ट टच हर! प्लीज!"

"आर यू मॅड? शीज हर्ट!"

"आय नो. प्लीज."

त्याने माझ्याकडे जसं बघितलं तसं आधी कुणी माझ्याकडे बघितलेलं मला आठवत नाही. एक म्हातारी बाई चिखलात पडलीय आणि तिच्याच देशाची, तिच्या मुलीच्या वयाची ही, मदतीला आलेल्याला अडवतेय. मी त्याला काय समजावणार होते? मी घड्याळ लावलं आणि त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. बॅग वरखाली होत होती, तेवढंच दिसत होतं. आठ. नऊ. माझे स्वतःचे श्वास मध्येच मिसळायचे म्हणून मी माझा श्वास धरला. पंधरा. सोळा. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत अक्षरशः दुखत होते. आईला जिन्यावर पडलेलं बघून तसंच उभं राहावं लागलं तर कसं वाटेल, तसं वाटत होतं. बावीस. तेवीस. मिनिट संपलं तेव्हा सत्तावीस झाले होते.

मी बाजूला झाले. त्या माओरी बाईने मासेवाल्याच्या दंडावर हात ठेवला आणि हळू म्हणाली, "लीव्ह हर. शीज गॉट इट."

मॅडम कोपरांवर उठल्या. मग गुडघ्यावर, त्या खराब गुडघ्यावर. रांगत माझ्या बुटापर्यंत आल्या. मी पाय हलवला नाही, खालीही वाकले नाही. त्यांनी इनहेलर उचलला, शर्टाला पुसला, आधी श्वास सोडला, पूर्ण, मग दाबला, ओढला आणि धरला. मग त्यांनी दोन्ही तळवे फळीवर टेकले आणि त्या बॅगेसकट उभ्या राहिल्या. एवढंसं अंग, त्यावर ते ओझं, आणि ती बाई उभी राहिली. मी मिरजेच्या त्या शाळेतल्या कुणालाही ओळखत नाही, पण त्या क्षणी मला वाटलं, ते सगळे इथे असायला हवे होते. मला आयुष्यात कुणाचा इतका अभिमान वाटलेला नाही. स्वतःच्या लेकराचाही नाही, हे कबूल करते.

खांबापर्यंत त्या एकट्या गेल्या. खांबाला आधी एक हात लावला, मग दोन्ही, मग कपाळ टेकवलं. घड्याळ बंद केलं. लोकांनी जो गलका केला तो त्यांना ऐकू आला की नाही कोण जाणे.

बऱ्याच वेळाने त्या वळल्या. एका खांद्यावरून पट्टा काढला, मग दुसऱ्या. बॅग माझ्यापुढे धरली.

"आता घे," म्हणाल्या. "जड आहे."

मी घेतली.